प्रॉक्सीवर नऊ महिने संकलन: वापरानंतरचा अनुभव

माझा संगणक सहा वर्षे जुना आहे आणि कॅमेरा मात्र ३८४० बाय २१६० पिक्सेल या आकारात चित्रीकरण करतो. या दोघांचे जमेना, म्हणून नऊ महिन्यांपूर्वी मी प्रॉक्सीची वाट धरली. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती करून घ्यायच्या, व्हिडिओचे सगळे संकलन त्या प्रतींवर करायचे आणि एक्स्पोर्टच्या, म्हणजे अंतिम फाइल काढण्याच्या वेळी सॉफ्टवेअरला पुन्हा मूळ फाइलींकडे वळवायचे, एवढीच ही पद्धत आहे.

पहिले दोन महिने मात्र फारसा फरक जाणवला नाही, कारण जागा वाचावी म्हणून मी प्रॉक्सीसुद्धा मूळ फाइलींच्याच एच.२६४ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करून साठवण्याच्या पद्धतीत, बनवीत होतो. आकार १९२० बाय १०८० वर आणल्यामुळे पिक्सेल एक चतुर्थांश झाले होते, तरीही प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवर चालू जागा दाखवणारी रेघ, मागे ओढली की चित्र अडखळत असे. याचे कारण कोडेकच्या रचनेत आहे. एच.२६४ पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवतो आणि मधल्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा केवळ बदल नोंदवतो, त्यामुळे मधल्याच एखाद्या फ्रेमवर उडी मारली की संगणकाला आधीच्या पूर्ण चित्रापासून सारा हिशेब नव्याने करावा लागतो. सलग पाहणाऱ्याला हे कळतही नाही, पण संकलन म्हणजे दिवसभर मागेपुढे उड्या मारणेच असते.

मग मी प्रोरेस ४२२ प्रॉक्सी हा कोडेक निवडला. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असते. सेकंदाला २५ फ्रेम असलेल्या, १९२० बाय १०८० आकाराच्या एका तासाच्या चित्रणाला सुमारे १७ जीबी जागा लागते, म्हणजे डिस्क भरते, पण प्रोसेसरवरचा भार उतरतो. मला हा सौदा मान्य आहे.

खरा लाभ कळला तो पन्नास मिनिटांच्या एका मुलाखतीत. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पडद्यावर असतानाच उत्तराचा आवाज सुरू व्हावा, म्हणजे ज्याला जे-कट म्हणतात तो मला तिथे हवा होता. उत्तर देणारी व्यक्ती बोलण्यापूर्वी हलका श्वास घेत होती आणि तो श्वास कटच्या आत ठेवायचा की बाहेर, हे तीन-चार फ्रेमवर ठरणार होते. २५ फ्रेमच्या गतीला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. बाणाची कळ दाबताच फ्रेम सरकू लागली, तेव्हा मी प्रथमच अंदाजाने नव्हे तर कानाने कट लावला. श्वास आत ठेवला आणि उत्तर जिवंत वाटू लागले.

अडचणीही आल्या. सर्वांत त्रासदायक होते मोबाइलवरचे चित्रण. बरेच मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की तो खाली येतो. अशा फाइलीची प्रॉक्सी स्थिर ३० फ्रेमची झाली आणि मूळ फाइल जोडताच कट सरकले, ओठ आणि आवाज यांची फारकत झाली. आता मी मोबाइलची फाइल आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये रूपांतरित करतो आणि त्या रूपांतरालाच मूळ मानून पुढे जातो. फाइलीचे नाव, टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा वेळदर्शक क्रमांक) आणि ध्वनीचे चॅनेलही मुळाशी जुळलेच पाहिजेत, नाहीतर जोडणीच्या वेळी घोळ होतो.

फोकसच्या बाबतीत प्रॉक्सीवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. लहान चौकटीत स्वच्छ दिसलेल्या एका शॉटमध्ये डोळे धूसर आणि कान स्पष्ट होते, हे मला एक्स्पोर्टनंतर समजले. त्यामुळे संकलन पक्के करण्याआधी प्रत्येक शॉट एकदा मूळ फाइलीवर, पूर्ण आकारात पाहतो. कलर ग्रेडिंग, म्हणजे रंग आणि उजेड जुळवण्याचे काम, तर मुळावरच करावे, कारण अंधाऱ्या भागातले दाणे आणि त्वचेच्या छटा जादा कॉम्प्रेशनमध्ये बदलतात.

दोन-तीन मिनिटांच्या कामाला मी प्रॉक्सी करीत नाही, कारण त्या तयार होईपर्यंत काम संपलेले असते. मोठे काम संपले की प्रॉक्सी पुसून टाकतो, त्या केव्हाही पुन्हा बनवता येतात. मूळ फाइली मात्र दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्याची खात्री झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करीत नाही.