ताश्कंदची मेट्रो, कामावर जाणाऱ्याच्या नजरेने

उझबेकिस्तानच्या राजधानीविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक सहलीला जाऊन आलेल्यांचे असते, आणि त्यात तेथील मेट्रोचा उल्लेख पाहण्याच्या ठिकाणांमध्ये येतो. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या मागांवर आयुष्य काढलेला माणूस आहे. ताश्कंदच्या वेशीबाहेरील एका गिरणीत नवे माग बसवून तेथील कामगारांना ते शिकवण्याच्या कामासाठी माझे तिकडे जाणे झाले, आणि मुक्कामभर सकाळ-संध्याकाळ मी याच मेट्रोने प्रवास केला. त्यामुळे मी ती पाहिली कमी आणि वापरली जास्त. मेट्रोची खरी परीक्षा रोजच्या वापरातच होते, असे माझे मत आहे, आणि त्या परीक्षेत मी तिला पाचपैकी चार गुण देतो. उरलेला एक गुण का कापला, ते ओघात येईलच.

ही मेट्रो का बांधली गेली, हे समजले तर तिचे स्वरूप लवकर लक्षात येते. २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे ताश्कंदला भूकंप झाला. तीव्रता फार मोठी नव्हती, पण केंद्र थेट शहराखाली आणि कमी खोलीवर असल्यामुळे जुने मातीच्या घरांचे शहर मोठ्या प्रमाणावर कोसळले आणि लाखो लोक बेघर झाले. त्याच वर्षी जानेवारीत, ताश्कंद करारावर सही केल्यानंतरच्या रात्री, लालबहादूर शास्त्रींचे याच शहरात निधन झाले होते. त्यांच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा पुतळा तेथे आजही आहे. किल्लारीच्या भूकंपाची ती पहाट ज्या सोलापूरकरांनी अनुभवली आहे, त्यांना पडलेल्या गावाची पुन्हा उभारणी म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. सोव्हिएत संघातील सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकाम करणारे आले, चिलोंझोरसारख्या भागांत एकसारख्या इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्या वसाहतींतून लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. मध्य आशियातील ही पहिली मेट्रो. भूकंपाचा विचार करून बांधलेली असल्यामुळे ती मॉस्कोच्या मेट्रोइतकी खोल नाही. सरकत्या जिन्यावर बराच वेळ उभे राहावे लागत नाही, आणि शिफ्टची वेळ गाठायची असणाऱ्याला याचे मोल कळते.

मी चिलोंझोरमध्येच राहत होतो. तेथील काही इमारतींच्या बिनखिडक्यांच्या बाजूच्या भिंतींवर झार्स्की बंधूंनी केलेले भव्य मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रे, आहेत. एरवी कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या वसाहतीत आपली इमारत ओळखायला त्यांचा चांगला उपयोग होतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये चिलोंझोर मार्ग दक्षिणेकडे सेर्गेलीपर्यंत वाढवण्यात आला. हा वाढीव भाग जमिनीवरून, खांबांवर उभारलेल्या पुलावरून जातो. गिरणी त्याही पलीकडे असल्यामुळे माझा रोजचा प्रवास शहराच्या गर्दीच्या उलट दिशेने होई आणि सकाळी बसायला जागा मिळे. खिडकीतून दिसणारी स्थानके मात्र या नव्या भागात अगदी साधी आहेत. सजावटीची जी ख्याती आहे ती जुन्या, भुयारी स्थानकांची, आणि ती सुटीच्या दिवशी उलट्या दिशेला जाऊन सावकाश पाहावी लागतात.

त्यांपैकी पाख्ताकोर या स्थानकावर कापसाशी संबंध असलेल्या माणसाने वेळ काढलाच पाहिजे. स्थानकाचे नावच कापूस पिकवणाऱ्यांवरून ठेवलेले आहे, आणि फलाटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कापसाची बोंडे मोझेकमध्ये साकारलेली आहेत. मी जवळ जाऊन पाहिले तेव्हा माझी नजर साहजिकच नक्षीच्या पुनरावृत्तीकडे गेली. ठरावीक अंतराने तेच बोंड, तीच पाकळी पुन्हा येते, आणि सांधा कोठे आहे हे पटकन सापडत नाही. सोलापुरी चादरीवर चांगल्या जकार्डचे काम असावे तसे. मात्र या भिंतीसमोर उभे राहून नुसते कौतुक करणे मला जमले नाही. सोव्हिएत काळात या देशाला कापसाच्या एका पिकाला जुंपण्यात आले, त्याच्या पाटांसाठी दोन मोठ्या नद्यांचे पाणी वळवले गेले आणि अरल समुद्र आटत गेला. देश १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतरही कितीतरी वर्षे विद्यार्थी, शिक्षक आणि डॉक्टरांना सक्तीने वेचणीला पाठवले जात असे. त्या कारणाने जगातील अनेक कापड कंपन्यांनी उझबेक कापसावर घातलेला बहिष्कार २०२२ च्या मार्चमध्ये मागे घेण्यात आला. किती कापूस द्यायचा हे ठरवणारी सरकारी कोट्याची पद्धत त्याआधी, २०२० मध्ये बंद झाली. आता कच्चा कापूस परदेशी पाठवण्याऐवजी देशातच सूत आणि कापड तयार करण्यावर भर आहे, आणि माझ्यासारख्याला तेथे काम मिळते ते याच बदलामुळे. मोझेकमधली बोंडे पांढरीशुभ्र आणि टपोरी आहेत. वेचणाऱ्यांच्या बोटांना काय होते, हे त्यात अर्थातच आलेले नाही.

पाख्ताकोरवरून जिना चढून-उतरून दुसऱ्या मार्गावरच्या अलिशेर नवोई स्थानकात जाता येते. तेथील घुमटाकार छते आणि कवी नवोई यांच्या काव्यातील प्रसंगांची निळी शिल्पे सुंदर आहेत, यात वाद नाही. त्याच मार्गावरील कोस्मोनाव्तलार हे अंतराळवीरांचे स्थानक बहुतेक प्रवाशांना सर्वांत जास्त आवडते. गडद निळ्या भिंतींवर गोल चौकटींत युरी गागारिन, व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा, याच देशात जन्मलेले जानिबेकोव्ह, आणि त्यांच्या पंक्तीला पंधराव्या शतकातील खगोलशास्त्रज्ञ राजा उलुगबेग असा संच आहे. स्थानक सुरू झाले १९८४ मध्ये, म्हणजे आपले राकेश शर्मा अंतराळात गेले त्याच वर्षी. २०१८ पर्यंत या स्थानकांत छायाचित्रे काढण्यास बंदी होती, कारण युद्धकाळातील निवारा म्हणूनही ती बांधलेली आहेत. आता बंदी नाही; त्यामुळे कोस्मोनाव्तलारवर फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी असते आणि कामावरून परतणाऱ्यांना वाट काढत जावे लागते. मार्गाच्या टोकाकडे बेरुनी स्थानक आहे. भारताविषयी इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या अल्बेरुनीचेच ते नाव, हे आपल्याकडील प्रवाशाच्या सहसा लक्षात येत नाही.

सेवा म्हणून पाहिले तर गाड्या वेळेवर येतात, गर्दीच्या वेळी फार थांबावे लागत नाही, आणि फलाट रोज धुतल्यासारखे स्वच्छ असतात. तिकिटाचा दर आपल्या रिक्षाच्या किमान भाड्यापेक्षाही कमी पडतो. प्रवेशद्वाराच्या यंत्रावर विसा किंवा मास्टरकार्डचे बँक कार्ड नुसते टेकवले तरी चालते. त्यामुळे हजारांच्या नोटांची पुडकी सांभाळण्याचा प्रश्न निदान येथे तरी येत नाही. पण मला सर्वांत जास्त भावली ती प्रवाशांची वागणूक. केस पिकलेला माणूस डब्यात शिरला की तरुण मुले न सांगता उठतात, तेही अर्धवट नव्हे, तर दोन पावले बाजूला सरकून. पहिल्या काही दिवसांत मी संकोचाने नको म्हणत असे. पुढे कळले की नाही म्हटल्याने समोरचा मुलगाच अवघडतो, तेव्हा बसावे हे उत्तम.

आता कापलेल्या गुणाचे. मेट्रो कामगारांसाठी बांधली, पण कारखाने आता शहराबाहेर सरकले आहेत आणि रूळ अजून तितके लांब गेलेले नाहीत. शेवटच्या स्थानकापासून गिरणीपर्यंत मला दामास नावाच्या छोट्या व्हॅनमधून जावे लागे. तिच्यात सात माणसे बसतात, असे चालकाचे मत असते. गुडघ्यांचे मत वेगळे असते. नाहीतर मोबाइलवरून टॅक्सी बोलवावी. ती आपल्या मानाने स्वस्त आहे आणि भाड्यावरून हुज्जत होत नाही. येणारी गाडी दहापैकी नऊ वेळा पांढरी शेवरले असते. भारतात ज्या शेवरलेची विक्री २०१७ मध्ये थांबली, तिचा कारखाना या देशातच असल्यामुळे रस्तेच्या रस्ते तिने भरलेले दिसतात. जुन्या भुयारी स्थानकांत पायऱ्या भरपूर आहेत, हीही अडचण सांगितली पाहिजे. गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिचा आधीच विचार करावा.

गिरणीतील काम हा वेगळा विषय असला तरी तेथे जाऊ इच्छिणाऱ्या सोलापूरच्या कारागिरांसाठी थोडे सांगतो. सकाळी खात्यात शिरल्यावर प्रत्येक पुरुष दुसऱ्या प्रत्येक पुरुषाशी हस्तांदोलन करतो आणि डावा हात छातीवर ठेवतो. हे सोडून थेट मागाकडे जाणाऱ्याला उद्धट समजतात. वयस्कर मास्तरांशी रशियनमध्ये बोलता येते, तरुण मुला-मुलींना उझबेकच लागते, त्यामुळे दुभाषा असला तरी मीटर, धागा, गाठ आणि ‘थांबव’ एवढे शब्द शिकून गेलेले बरे. बाकीचे काम हाताने होते. पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या फासांच्या धाग्यांचा, ताण किती ठेवायचा हे सांगायला भाषा लागत नाही. ताण्यावर, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांवर, तळवा ठेवून समोरच्याचा तळवा तेथेच ठेवायला लावला की पुरते. चहाची सुटी मात्र घाईने उरकता येत नाही. हिरवा चहा किटलीतून वाटीत ओततात, ती वाटी परत किटलीत उलटतात, असे तीनदा करतात, आणि मग पाहुण्याला जेमतेम अर्धी वाटी देतात. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे चहा पिऊन निघा, असा अर्थ होतो, हे मला तेथील दुभाष्याने सांगितले.

शाकाहारी माणसाचे हाल होतात, पण उपासमार होत नाही. तेथील पुलाव मांसाशिवाय होत नाही, आणि वरचे मांस काढून खाल्ले तरी भात त्याच रश्शात शिजलेला असतो. परंपरेने तो सरकीच्या तेलात करतात, हे ऐकून मला आपल्या बाजारातील पेंडीची पोती आठवली. माझे रोजचे जेवण म्हणजे तंदूरमधून काढलेली गोल नान, कांदा-टोमॅटोची पातळ चिरलेली कोशिंबीर, दही आणि भोपळा भरलेला सामसा. गाजराच्या किसाची एक लसूण-मिरची घातलेली कोशिंबीर बाजारात सगळीकडे मिळते. ती मूळ उझबेक नव्हे. १९३७ मध्ये सोव्हिएत सरकारने अतिपूर्वेतून हुसकावून येथे आणलेल्या कोरियन लोकांची ती देणगी आहे, आणि तिखटासाठी आसुसलेल्या सोलापूरकराला तिच्याइतके जवळचे दुसरे काही सापडत नाही. चोर्सू बाजाराच्या निळ्या-हिरव्या घुमटाजवळच मेट्रोचे स्थानक असल्यामुळे मी रविवारी तेथूनच आठवड्याची खरेदी करीत असे. तरीही शेंगाचटणीची पिशवी आणि कडक भाकऱ्यांचा गठ्ठा सोबत असावाच. दोन्ही टिकतात आणि गिरणीत वाटायलाही उपयोगी पडतात.

एका बाबतीत सावध राहावे. परदेशी माणसाने आल्यापासून तीन दिवसांत आपल्या मुक्कामाची नोंद करून घेणे तेथे बंधनकारक आहे. हॉटेल ही नोंद आपण होऊन करते, पण भाड्याच्या घरात ती मालकाला ऑनलाइन करावी लागते. माझ्या घरमालकाने आज करतो, उद्या करतो, असे म्हणत टाळाटाळ चालवली, आणि शेवटी गिरणीच्या व्यवस्थापकाने फोनवरून खडसावल्यावर ती झाली. घर ठरवतानाच ही अट लेखी घालावी. सोलापूरहून वैद्यकीय शिक्षणासाठी मुले पाठवणाऱ्या पालकांनी वसतिगृहाचे भाडे विचारण्याआधी हाच प्रश्न विचारावा.

समरकंदला जायचे असेल तर मेट्रोच्या तोश्केंत या स्थानकावर उतरल्यास समोरच रेल्वे स्थानक आहे. तेथून अफ्रोसियोब ही वेगवान गाडी ३४४ किलोमीटरचे अंतर दोन तासांहून थोड्या अधिक वेळात कापते. तिची तिकिटे लवकर संपतात, म्हणून आठवडाभर आधी काढावीत. विमानतळावर मात्र मेट्रो जात नाही. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते आणि परतीचे विमान अनेकदा अपरात्री असते, त्यामुळे त्या दिवसापुरते टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि टॅक्सी संध्याकाळीच ठरवावी.