फोंड्यातील ज्युदो वर्ग : सोडताना दिलेला अभिप्राय

पाठीवर पडताना हात चटईवर आपटून धक्का जिरवण्याची उकेमी सरांनी पहिले दोन महिने घोटून घेतली, म्हणूनच माझा खांदा आजवर शाबूत आहे. मात्र जिगोरो कानो यांनी 1882 साली घडवलेल्या या विद्येत जमिनीवरील पकडींनाही मोठे स्थान असताना, येथे त्यांना आठवड्यातून जेमतेम अर्धा तास मिळतो. शिवाय पावसाळ्यात चटयांना कुबट वास येतो.

मडगावच्या वर्गात जात असल्याचे मोबाईलवर कळवणे प्रशस्त वाटले नाही, म्हणून चटया रचून झाल्यावर सरांना समोर सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "तिथे पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करायला लावली, तर वाईट वाटून घेऊ नकोस." उरलेले शुल्क मात्र परत मिळाले नाही; हा नियम पावतीवर छापायला हवा होता.