नवा माणूस रुजू होताना: सोबती, यादी की सॉफ्टवेअर?

एका नोकरीच्या पहिल्या दिवशी मी साडेनऊला पोहोचलो आणि पावणेबारापर्यंत रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून होतो. ओळखपत्र नव्हतं, त्यामुळे आत जाता येत नव्हतं. एचआरला वाटत होतं, ओळखपत्राचं अ‍ॅडमिन बघेल. अ‍ॅडमिन एचआरकडून फोटो यायची वाट बघत होतं. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते मॅनेजर रजेवर. सगळे अगदी गोड बोलून 'झालंच, दहा मिनिटं' म्हणत होते. पुढे नव्या लोकांना रुजू करून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, तेव्हा सगळ्यात आधी तो सोफा आठवला.

हे काम साधारण तीन रीतींनी होतं. एखादा जुना माणूस सोबत द्यायचा, म्हणजे ज्याला हल्ली 'बडी' म्हणतात. किंवा कागदावर, एक्सेलमध्ये साधी यादी करून टिक मारत जायचं. किंवा एचआर सॉफ्टवेअर घेऊन सगळं त्याच्यावर सोपवायचं. माझा कल आधीच सांगून टाकतो: बहुतेक ठिकाणी साधी यादी आणि जोडीला एक माणूस, एवढं पुरतं. पण 'बहुतेक' म्हणजे कुठे, ते पाहू.

सोबतीला माणूस

याला तोड नाही अशा काही गोष्टी आहेत. कोणत्या मीटिंगला गेलंच पाहिजे आणि कोणत्या मीटिंगला नुसती हजेरी लावली तरी चालते, अडलं तर कुणाला थेट फोन करायचा आणि कुणाला आधी मेसेज टाकायचा, हे कुठल्या यादीत लिहिणार? जेवायच्या सुट्टीत एकटं बसावं लागलं नाही, तर माणूस निम्मा रुळतो.

अडचण अशी की सोबत्याला स्वतःचं काम असतं. महिनाअखेर आली की नवा माणूस बाजूला पडतो. शिवाय जुन्या माणसाला आपल्याला काय काय माहीत आहे, हेच माहीत नसतं. एकदा आमच्याकडे एकाच आठवड्यात दोघं रुजू झाली. एकीला रजेचा अर्ज कुठे भरायचा हे पहिल्याच दिवशी कळलं. दुसऱ्याला दीड महिन्यानं कळलं, तेही घरी कुणी आजारी पडलं तेव्हा. दोघांचे सोबती चांगलेच होते. एकाला सांगायचं सुचलं, दुसऱ्याला नाही, एवढंच.

आणि मूळ मुद्दा म्हणजे, निम्मी कामं माणूस येण्याच्या आधीची असतात. लॅपटॉप, ईमेल खातं, पेरोलमध्ये नाव, आत जायचं कार्ड. सोबती यात काही करू शकत नाही.

साधी यादी

चेकलिस्ट म्हटलं की पुष्कळांना ते नवशिक्यांचं काम वाटतं. तिचा उगम नेमका उलटा आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं 'मॉडेल २९९' हे विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीकडचे हलते भाग आपटू नयेत म्हणून खीळ लावलेली असते. ती काढायची राहिली होती. चालवणारा मुरलेला चाचणी वैमानिक होता. चुकलं ते ज्ञान नव्हतं, एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. त्यातून वैमानिकांसाठी याद्या आल्या, आणि त्याच विमानाची पुढची आवृत्ती म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं बी-१७ हे बॉम्बफेकी विमान.

रुजू करून घेण्याच्या यादीबद्दल बहुतेकांची गफलत इथेच होते. ती नव्या माणसाच्या हातात देतात: हे वाच, हे भर, टिक मार. अहो, विसरणारा तो नाही, आपण आहोत. यादी आपल्यासाठी हवी. नव्या माणसाला तिची प्रत जरूर द्यावी, म्हणजे आपण काय विसरलो ते त्याला दाखवता येतं.

मग ती लिहायची कशी? 'लॅपटॉप' असं एका शब्दात लिहिलं, तर आयटीवाला खोकं टेबलावर ठेवून टिक मारतो. सकाळी कळतं की पासवर्डच चालत नाही. तीच ओळ अशी लिहून बघा: 'लॅपटॉप, चार्जरसह, जागेवर. नव्या माणसाच्या खात्यातून एकदा लॉगिन करून पाहिलं. आयटी. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी चारपर्यंत.' काय, कुणी, कधी, आणि झालं हे ओळखायचं कसं. यातलं 'कुणी' सगळ्यात महत्त्वाचं, आणि तिथे एकच नाव हवं. 'एचआर/अ‍ॅडमिन' असं तिरकी रेघ मारून लिहिलंत, की समजा सोफा तयार.

वेळेचे टप्पेही पाडावेत: ऑफर स्वीकारल्यापासून रुजू होईपर्यंत, पहिला दिवस, पहिला आठवडा, पहिला महिना, तिसऱ्या महिन्याची अखेर. शेवटचे दोन टप्पे हमखास गळतात, कारण तोवर सगळ्यांचा उत्साह ओसरलेला असतो. माझ्या मते तिथेच दोन ओळी तरी हट्टानं ठेवाव्यात: मॅनेजरनं समोर बसून 'काय जमतंय, काय अडतंय' विचारलं का, आणि पहिला पगार बरोबर आला का. दुसरी ओळ क्षुल्लक वाटते. ज्याचा पहिला पगार चुकला आहे त्याला विचारा.

आता यादीची दुखरी बाजू. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात अशा याद्या सरसकट लागू झाल्या. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला आणि त्यात लक्षणीय फरक काही दिसला नाही. असं का, यावर पुष्कळ वाद झाला, पण ऑफिसात काम केलेल्या माणसाला एक शंका लगेच येते: टिक मारणं वेगळं, काम होणं वेगळं. आमच्याकडेही एका माणसाची यादी पहिल्याच संध्याकाळी पूर्ण झाली होती. चाळीसच्या चाळीस टिका, एकाच पेननं, एकाच दमात.

म्हणून यादी आखूड ठेवा. 'कंपनीची मूल्यं समजावली' असल्या ओळी काढून टाका, त्यांवर टिक मारण्याखेरीज कुणी काही करत नाही.

सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग आठवण करून देण्यात आहे. ऑफर स्वीकारली की आयटीला, पेरोलला, अ‍ॅडमिनला आपापलं काम आपोआप जातं, आणि कुणाचं अडलंय ते सगळ्यांना दिसतं. एक्सेल फाइलच्या 'फायनल', 'फायनल_नवी', 'फायनल_नवी_२' अशा प्रती फिरत नाहीत. कागदपत्रं एका जागी राहतात आणि ती कुणी बघायची यावर मर्यादा घालता येते. ओळखीचे पुरावे, बँकेचे तपशील असला मजकूर सगळ्यांना उघडणाऱ्या शीटमध्ये ठेवणं मुळातच चूक आहे.

पण त्यात भरायची यादी आपलीच असते. ती धड नसेल, तर तोच गोंधळ सॉफ्टवेअर वेळेवर आणि आपोआप करून देतं. शिवाय माणसं, विभाग, परवानग्या बदलत राहतात. ते बदल त्यात करत राहायला कुणीतरी नेमावं लागतं. नाहीतर वर्षभरात निम्म्या सूचना नोकरी सोडून गेलेल्यांच्या नावानं जायला लागतात.

मग निवडायचं काय?

वर्षाला पाच-सात माणसं येत असतील आणि सगळे एका छताखाली असतील, तर एक पानी यादी आणि सोबती. सॉफ्टवेअर बघूही नका. दर महिन्याला माणसं येत असतील किंवा पाच-सहा विभागांचा हात लागत असेल, तर आधी सहा महिने शीट चालवा, ओळी घासूनपुसून घ्या, आणि मगच तीच यादी सॉफ्टवेअरमध्ये उतरवा. माणूस घरून काम करणार असेल, तर यादी जास्त काटेकोर हवी, कारण शेजारच्या टेबलावर विचारायची सोय नसते. सोबत्याशी रोज पंधरा मिनिटांचा कॉल, ही ओळही त्याच यादीत घाला. यंत्रांवरचं, रुग्णांशी संबंधित किंवा कुठलंही जोखमीचं काम असेल, तर प्रशिक्षणाच्या ओळीवर एकट्याची टिक चालवून घेऊ नका. शिकवणाऱ्याची आणि शिकून करून दाखवणाऱ्या नव्या माणसाची, अशा दोन सह्या घ्या.

साध्या यादीचा एक फायदा मला उशिरा कळला. माणूस सोडून जातो तेव्हा हीच यादी खालून वर वाचायची. कोणती खाती उघडून दिली, कोणत्या किल्ल्या, कोणतं कार्ड, सगळं एका पानावर सापडतं. आमच्या एका माजी सहकाऱ्याचं ईमेल खातं वर्षभर चालू होतं. तो रुजू झाला तेव्हा यादी नव्हती.