बाळंतपणानंतर बीपी वाढलेलं असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी की आयब्युप्रोफेन?

टाके दुखतायत, बाळ प्यायला लागलं की पोटात कळा येतायत, वर बीपीची गोळी चालू आहे, आणि हा प्रश्न नेमका रात्री दोनला पडतो जेव्हा विचारायला कोणी जागं नसतं, म्हणून लिहितेय.

पॅरासिटामॉलचं त्यातल्या त्यात सोपं आहे. दुधात फार थोडी उतरते, एका वेळी 500 ते 1000 मिग्रॅ, मधे 4 ते 6 तास, दिवसाला 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. फक्त पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं आणि बीपीला तेच नको असतं.

आयब्युप्रोफेन कळांवर जास्त चालते, कारण त्या कळा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्या रसायनामुळे येतात आणि ही गोळी तेच बनू देत नाही. पण किडनीला पण प्रोस्टाग्लँडिन लागतं, ते कमी झालं की मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी वर जाऊ शकतं. त्यामुळे 2013 च्या सुमारास अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ बीपी उतरत नसेल तर ही टाळा म्हणायचे, नंतरच्या अभ्यासांत बाळंतिणींचं बीपी त्याने खास वाढलेलं दिसलं नाही म्हणून आता सरसकट बंदी नाही. दूध पाजताना पण चालते. तरी किडनीचे रिपोर्ट बिघडलेत, प्लेटलेट कमी आहेत, किंवा एनालाप्रिल या बीपीच्या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळी पण चालू आहे, तर मी हिला हात लावणार नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

म्हणजे माझं मत, आधी पॅरासिटामॉल वेळेवर, दुखणं असह्य होईपर्यंत थांबायचं नाही, टाक्यांना कापडात गुंडाळून बर्फ, आणि तरी कळा सोसत नसतील तर डॉक्टरांना विचारून आयब्युप्रोफेन थोडे दिवस, जेवल्यावर, बीपी मोजत. ट्रॅमाडॉल, कोडीन या कडक वेदनाशामक गोळ्या घरात जुन्या पडलेल्या असतील तर अजिबात नको, काही जणींच्या शरीरात त्यांचं फार जोरदार औषध बनतं, ते दुधातून जाऊन बाळाचा श्वास मंदावू शकतो.

आणि एक, डोकं दुखत असेल तर गोळी घ्यायच्या आधी बीपी मोज ग. डिलिव्हरीनंतर 3 ते 6 दिवसांत ते सगळ्यात वर जातं. जोरात डोकं दुखतंय, डोळ्यापुढे अंधारी किंवा ठिपके, बरगडीखाली उजवीकडे दुखतंय, किंवा मशीनवर वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 वा त्याहून जास्त आलाय तर सकाळची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.