इंदूरच्या प्राणी संग्रहालयातील कोल्ह्यांची जोडी दत्तक घेतल्यानंतर: काही महिन्यांचा अनुभव आणि पैशांचा विचार

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयतांनी नवलखा भागातील, महापालिकेच्या कमला नेहरू प्राणी संग्रहालयातून कोल्ह्यांची एक जोडी वर्षभरासाठी दत्तक घेतली. निमित्त माझ्या वडिलांच्या स्मरणाचे होते. आता पावसाळा उलटून थंडी पडू लागली आहे, आणि या काळात इंदूरच्या मराठी घरांतून, मंडळाच्या कार्यक्रमांतून आणि नातेवाइकांकडून मला इतक्या वेळा त्याच शंका विचारल्या गेल्या की सविस्तर लिहून ठेवणे योग्य वाटले. हे पैसे नेमके कशाला लागतात, आणि महापालिका आपल्याकडून कर घेतेच तर हे वेगळे का द्यायचे, या दोन शंका त्यांत प्रमुख आहेत. माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली असल्यामुळे त्या मलाही रास्त वाटतात.

प्रथम, दत्तक या शब्दावरून जे गैरसमज होतात ते दूर करतो. प्राण्यावर आपला कोणताही हक्क निर्माण होत नाही. ठरावीक काळासाठी त्याच्या आहाराच्या खर्चाची जबाबदारी आपण घेतो, एवढाच या व्यवहाराचा अर्थ आहे, आणि ती रक्कम प्राण्याच्या आकाराप्रमाणे व आहाराप्रमाणे कमीजास्त असते. आपल्या कोल्ह्याला हाताने खाऊ घालता येईल का, असे माझ्या नातीने विचारले होते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये प्राणी संग्रहालयांसाठी जे प्रकरण आहे, त्यात प्रेक्षकांनी प्राण्यांना डिवचणे, इजा करणे, गोंगाट करून त्रास देणे यांच्याबरोबरच त्यांना खायला घालण्यासही स्पष्ट मनाई आहे, आणि पैसे देणारा माणूस त्याला अपवाद नाही. मला ही मनाई अत्यंत आवश्यक वाटते. देणगीदाराला पिंजऱ्याजवळ विशेष वागणूक मिळू लागली की प्राण्यांच्या आरोग्यापेक्षा देणगीदाराची हौस मोठी ठरण्यास वेळ लागत नाही.

आमच्या घरात सुरुवातीला एक वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने अन्नदान करायचे, आणि ते मांसाहारी प्राण्याच्या अन्नाचे, हे आमच्या वयोवृद्ध आत्यांना मुळीच पटत नव्हते. हरीण किंवा मोर घ्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या पत्नीने त्यांना समजावले की ज्याचे जे अन्न आहे तेच त्याला मिळणे हे खरे अन्नदान, आणि कोल्ह्याला निसर्गाने जसे घडवले आहे त्यात त्याचा काही दोष नाही. आत्यांनी ते मान्य केले. हा प्रसंग मी मुद्दाम नोंदवतो आहे, कारण श्राद्धाच्या किंवा वाढदिवसाच्या निमित्ताने दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या अनेक घरांत हीच अडचण येते आणि मग सगळे जण तृणभक्षी प्राण्यांकडे वळतात.

आता पैशांकडे येतो. प्राणी संग्रहालयाचा खर्च म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त खाद्य येते, आणि ते मोठे आहे यात शंका नाही. पूर्ण वाढलेल्या वाघाला दिवसाला साधारण 8 ते 10 किलो मांस लागते (आठवड्यातून एक दिवस त्याला उपाशी ठेवण्याची पद्धत आहे) आणि हत्तीला तर रोज शंभर किलोंहून अधिक चारा लागतो. परंतु खाद्याखेरीज कर्मचाऱ्यांचे वेतन, पशुवैद्यक, औषधे, आजारी आणि नव्याने आलेल्या प्राण्यांना वेगळे ठेवण्याच्या खोल्या, पाणी, वीज, साफसफाई हा खर्च अखंड चालू असतो. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाण्याचे फवारे आणि कूलर ही चैन राहत नाही. या बाबींसाठी कोणीही हौसेने देणगी देत नाही. पशुवैद्यकाच्या पगाराला किंवा मलनिस्सारणाच्या नळाला कोणाच्या स्मरणार्थ पाटी लागलेली मी अद्याप पाहिलेली नाही, आणि मला याची मनापासून खंत वाटते, कारण प्राण्याचे आयुष्य वाढते ते अशाच खर्चांमुळे.

लेखाशास्त्राच्या दृष्टीने दत्तक योजनेतली खरी मेख याच्या पुढे आहे. आम्ही पैसे दिले नसते तरी आमच्या कोल्ह्यांना जेवण मिळालेच असते. प्राणी उपाशी राहू देणे कायद्याने शक्य नाही आणि कोणतीही महापालिका तसे करणार नाही. खाद्याची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असते. म्हणजे आमच्या पैशांनी कोल्ह्यांच्या ताटात एकही घास वाढला नाही. महापालिकेच्या तरतुदीतली तेवढी रक्कम मात्र मोकळी झाली. ती रक्कम संग्रहालयातच राहून औषधांवर, पिंजऱ्यांच्या दुरुस्तीवर किंवा प्रशिक्षणावर खर्च झाली तर आमच्या देणगीने काही साधले. ती महापालिकेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेली, किंवा देणग्या वाढल्या म्हणून पुढच्या वर्षीची तरतूदच कमी झाली, तर आम्ही केवळ कर थोडा जास्त भरला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून माझे ठाम मत आहे की महापालिकेकडे असलेल्या प्राणी संग्रहालयाची जमा आणि खर्च हे दोन्ही स्वतंत्रपणे मांडलेले असावेत, देणग्यांचे खाते वेगळे असावे, आणि ते वर्षातून एकदा नागरिकांसमोर यावे. नगरसेवकाला भेटल्यावर आपण रस्ते आणि नळ यांविषयी विचारतो, तसेच याविषयीही विचारले पाहिजे. अंदाजपत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि तो वाचण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे.

मग तिकीटच का वाढवू नये, असे काही जण म्हणतात. या महिन्यांत मी गर्दी जवळून पाहिली आहे. देवास, महू, उज्जैन या बाजूंनी आलेली, डबा बरोबर घेऊन सावलीत बसलेली मोठी कुटुंबे पाहिली की दर वाढवण्याची कल्पना मला सहन होत नाही, कारण यांतील बहुतेक मुलांना वाघ प्रत्यक्ष दिसण्याची दुसरी संधी मिळणार नाही. बांधवगड किंवा कान्हाच्या सफारीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने दार कोणासाठी उघडे ठेवावे, हा पैशांइतकाच उद्दिष्टाचा प्रश्न आहे. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेची स्थापना 1826 मध्ये झाली, 1828 मध्ये तिचे उद्यान सुरू झाले ते केवळ सभासदांसाठी, आणि सामान्य लोकांना 1847 मध्ये आत घेतले गेले त्यामागे पैशांची गरज हे मोठे कारण होते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे आहे. तेथील नागरिकांनी 1916 मध्ये मतदान करून मालमत्ता कराचा एक लहानसा अंश प्राणी संग्रहालयासाठी बांधून दिला, आणि आजही तेथे प्रवेश विनामूल्य आहे. शहराने ठरवले तर हे करता येते.

आपल्याकडे म्हैसूरचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. 1892 मध्ये सुरू झालेले ते प्राणी संग्रहालय मुख्यतः प्रवेश शुल्कावर चालते आणि तेथील दत्तक योजना देशभर नावाजली गेली आहे. परंतु 2020 च्या टाळेबंदीत दरवाजे बंद झाले तेव्हा त्याच संग्रहालयाला लोकांकडे मदत मागावी लागली. फाटक बंद झाल्याने उत्पन्न थांबते, प्राण्यांची भूक थांबत नाही. दत्तक योजनेचे महत्त्व मला इथे दिसते: तिकिटावर अवलंबून नसलेला, वर्षाच्या आरंभीच हाती येणारा असा हा पैसा आहे. कंपन्यांचा पैसाही याच वाटेने येऊ शकतो. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करायची असते, आणि त्या कामांच्या यादीत वन्यजीवांचे संरक्षण व प्राणिकल्याण यांचा समावेश आहे. पिथमपूरचे कारखाने इंदूरच्या इतके जवळ आहेत की पिंजऱ्यांच्या नव्या बांधकामासारखा भांडवली खर्च त्यांच्याकडून घ्यावा आणि आमच्यासारख्या कुटुंबांनी चालू खर्चाला हातभार लावावा, अशी वाटणी मला नैसर्गिक वाटते.

उद्दिष्टाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेशिवाय देशात कोणतेही प्राणी संग्रहालय चालवता येत नाही. 1998 च्या राष्ट्रीय प्राणी संग्रहालय धोरणाने तर मुख्य उद्दिष्ट स्वच्छ शब्दांत सांगितले आहे, की देशातील जैवविविधतेच्या संवर्धनाला या संस्थांनी पूरक आणि बळकट करणारे काम करावे. करमणूक हा त्यामागचा हेतू नाही. या कसोटीवर पाहिले की दत्तक घेणाऱ्यांची आवड आणि संस्थेचे उद्दिष्ट यांत मोठे अंतर दिसते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पांढऱ्या वाघाचे आहे.

पांढऱ्या वाघाचा आपल्या मध्य प्रदेशाला अभिमान आहे. रीव्याच्या महाराजांनी 1951 मध्ये पकडलेला मोहन हा पांढरा वाघ गोविंदगडच्या राजवाड्यात वाढला. त्याला त्याच्याच मुलीशी, राधेशी, जुळवल्यावर 1958 मध्ये पांढरी पिल्ले जन्मली, आणि पुढे जगभर गेलेली पांढऱ्या वाघांची वंशावळ बव्हंशी तिथून सुरू होते. इतक्या जवळच्या रक्तसंबंधांतून झालेल्या प्रजननामुळे त्यांच्यात दृष्टीचे आणि इतर जन्मजात दोष आढळतात. हा वेगळा वंश किंवा वेगळी जात नाही, केवळ रंगाचा फरक आहे. त्यामुळे संवर्धनाच्या दृष्टीने त्याचे मूल्य फारसे नाही. अमेरिकेतील प्राणी संग्रहालयांच्या संघटनेने 2011 मध्ये आपल्या सदस्य संस्थांना त्यांचे हेतुपुरस्सर प्रजनन करण्यास मनाई केली. आपल्या संग्रहालयातही पांढऱ्या वाघासमोर गर्दी सर्वाधिक असते. जे वाघ आज आहेत त्यांची उत्तम देखभाल झालीच पाहिजे, त्यांचा यात काय अपराध? पण गर्दी खेचतात म्हणून त्यांची संख्या वाढवत राहणे मला मान्य नाही.

याउलट, ज्या कामाने प्राणी संग्रहालयांचे अस्तित्व सार्थ ठरते ते फारसे कोणाच्या नजरेत येत नाही. दार्जिलिंगच्या संग्रहालयात वाढलेल्या रेड पांडा माद्या 2003 मध्ये सिंगलीलाच्या जंगलात सोडल्या गेल्या. आपल्याच राज्यात मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात चंबळेच्या काठावरून आणलेल्या अंड्यांतून सुसरींची पिल्ले उबवून, वाढवून पुन्हा नदीत सोडली जातात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे त्या जनावरांचे मांस खाणारी गिधाडे इतकी मेली की 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणावी लागली. त्या गिधाडांच्या प्रजननाचे केंद्र भोपाळला केरव्याजवळ आहे. सुसर आणि गिधाड यांच्याबरोबर छायाचित्र काढून घ्यायला कोणी रांग लावत नाही, तरीही माझ्या मते दत्तक घेणाऱ्याने याच यादीकडे प्रथम पाहावे.

आम्हाला स्वतःला काय मिळाले, हेही सांगतो. कोल्हा दिवसा बहुतेक झोपलेला असतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत नात हिरमुसली. हळूहळू आम्हाला वेळा कळल्या. ढगाळ दिवशी आणि सरी पडून गेल्यावर दोघेही बाहेर येतात, माती उकरतात, एकमेकांची अंगे चाटतात. नर पुढे येऊन वास घेतो आणि मादी मागे थांबते. सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नुसत्या पावलांनी त्यांचे कान वळतात. त्या कर्मचाऱ्याकडून मी जेवढे शिकलो तेवढे कोणत्याही माहितीफलकावरून शिकलो नसतो: कोणत्या दिवशी खाणे उरले, विष्ठेचा रंग कसा पाहावा, उन्हाळ्यात मांस किती लवकर द्यावे लागते. नात आता वाघाकडे धावण्याआधी या कोपऱ्यात येते आणि इतर मुलांना काचेवर टकटक न करण्यास सांगते. शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून धोरणात जे लिहिलेले असते, ते एका मुलीपुरते तरी आम्हाला उमगताना दिसले.

पुढच्या वर्षी आम्ही सुसरीसाठी रक्कम देणार आहोत, आणि लोकमान्य नगरातील आमच्या ओळखीची काही कुटुंबे त्यात वाटा उचलण्यास तयार झाली आहेत. ज्यांना असेच करायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक बाबी. देणगीच्या रकमेवर प्राप्तिकराची वजावट (1961 च्या कायद्यातील कलम 80जी) मिळणार असेल तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी करप्रणाली निवडलेल्यांनी ती गृहीत धरू नये. 2,000 रुपयांवरील रोख देणगीला ही वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन मार्गानेच पैसे द्यावेत. पावतीवर वजावटीचा उल्लेख येईल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. आणि अनेकांनी मिळून रक्कम द्यायची असेल तर पावती कोणाच्या नावाने निघणार हे आपापसांत आधीच ठरवावे, कारण वजावट मागता येते ती पावतीवर ज्याचे नाव आहे त्यालाच.