कानाच्या पडद्यावरची लाल गाठ: लक्ष ठेवायचं की काढायची?

कानाच्या पडद्यावर लालसर-जांभळी गाठ दिसली, डॉक्टरांनी ‘हिमँजिओमा’, म्हणजे रक्तवाहिन्यांची कर्करोग नसलेली गाठ, असं नाव घेतलं की रुग्ण विचारतो, काढायची का? त्याआधी विचारा, गाठ पडद्यावरच आहे की मागे? पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा, मागचा रंग त्यातून सहज दिसतो.

मागे ग्लोमस गाठ असू शकते. तीही बहुधा साधीच, पण रक्ताने भरलेली. कानात नाडीसारखी धडधड ऐकू येते, आणि हवेचा दाब दिल्यावर तिचा रंग कधीकधी फिका पडतो. धडधड हिमँजिओमातही होऊ शकते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान होत नाही. काही वेळा तर गाठच नसते. मानेतल्या मोठ्या शिरेचा फुगवटा वर सरकलेला असतो किंवा मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी मध्यकर्णातून, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीतून, गेलेली असते. तिथे तपासणीसाठी तुकडा काढला तर जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन, लागल्यास एमआरआय. त्याशिवाय कुणालाही गाठीला हात लावू देऊ नका.

गाठ पडद्यापुरतीच आहे हे नक्की झालं की दोन वाटा उरतात.

गाठ लहान, ऐकू नीट येतं, रक्त येत नाही, अशा वेळी मी लक्ष ठेवण्याच्या बाजूने आहे. ठरावीक काळाने दुर्बिणीतून फोटो आणि श्रवणचाचणी, एवढंच. पडदा शाबूत राहतो. उणीव अशी की पक्कं निदान गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होतं, तोवर थोडी शंका उरते.

गाठ वाढत असेल, रक्त येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नये. गाठीबरोबर आसपासचा थोडा पडदाही काढतात आणि कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन ठिगळ लावतात. पूर्ण निघाली तर ती परत येण्याची शक्यता कमी, अर्धवट राहिली तर जास्त. मात्र ठिगळ दर वेळी धरतंच असं नाही, आणि काही आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.

तान्ह्या बाळांच्या हिमँजिओमावर प्रोप्रॅनोलॉल गुणकारी ठरतं, म्हणून मोठी माणसंही गोळीची आशा धरतात. पण मोठ्यांच्या पडद्यावरची गाठ बहुधा निराळ्या जातीची असते, तिथे या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही.

दुसऱ्या कानाने मुळीच ऐकू येत नसेल, तर लहान, शांत गाठीसाठी मी तरी शस्त्रक्रियेची घाई करणार नाही.