डायलिसिस केंद्र: रुग्णालयाने चालवायचं, संस्थेला द्यायचं की रुग्ण खासगीत पाठवायचा?

उपजिल्हा रुग्णालयाच्या बैठकीत डायलिसिसचा विषय निघाला की चर्चा यंत्रांच्या किमतीवर अडकते. आधी रुग्णाचा प्रवास मोजा. किडनी निकामी झालेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास यंत्रावर राहावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून धुळं गाठायचं तर रुग्ण आणि सोबतचा माणूस, दोघांचीही मजुरी बुडते. उपचार मोफत असले तरी असा माणूस किती दिवस येत राहील?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या खासगी रुग्णालयात रुग्ण पाठवणं सगळ्यांत सोपं. यंत्र नको, भरती नको. जळगाव किंवा धुळे शहराजवळ राहणाऱ्याला हे परवडतं. पण अशी रुग्णालयं मोठ्या गावांतच, आणि योजनेचे पैसे थकले की तारीख पुढे ढकलली जाते. तक्रार आली तर तुमच्या हाती आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाला, फोन करण्यापलीकडे फारसं काही नसतं.

स्वतःचं केंद्र मला मनापासून आवडतं, पण ते जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे तिथेच टिकेल. तालुक्याला टेक्निशियनची एक बदली झाली की यंत्रांवर कापड पडतं.

उरते भागीदारी. 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची मांडणी तीच आहे: यंत्रं, पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, रक्त गाळणारा डायलायझर आणि माणसं खासगी संस्थेची; जागा, वीज, पाणी आणि गरीब रुग्णाचं बिल सरकारचं. खरी मेख पाण्यात आहे. एका सेशनला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागतं, आणि आरओ त्यासाठी आणखी बरंच पाणी वाया घालवतो. ऐन मे महिन्यात आठवड्याने नळ येणाऱ्या गावात यंत्र बंद पडलं, की संस्था म्हणणार, पाणी तुमचं, दंड कसला? करार करण्याआधी टाकी, बोअर आणि टँकरची सोय कागदावर आणा.

दुसरी अडचण पैशांची. पैसे सेशनमागे मिळतात, त्यामुळे चार तासांचे तीन करण्याचा मोह होतो. म्हणून रजिस्टरमध्ये सुरू-बंदची वेळ, आधीचं-नंतरचं वजन आणि डायलायझर कितव्यांदा वापरला हे रोज लिहिलं पाहिजे, आणि ते तुमच्याच डॉक्टरने तपासलं पाहिजे. उलट बाजूने, सरकारी बिल महिनोन् महिने अडकलं तर टेक्निशियनचा पगार थांबतो आणि तो सुरतेला किंवा नाशिकला निघून जातो. मग दोष एकट्या संस्थेला देता येत नाही. शिवाय मध्येच रुग्णाचा बीपी कोसळला तर धावायचं कुणी, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरने की संस्थेच्या? हे नाव ड्युटी चार्टवरच हवं.

शहादा-तळोद्यासारख्या ठिकाणी मी भागीदारीच निवडेन, पण बिलं आणि रजिस्टर पाहणारा एक जबाबदार अधिकारी नेमल्यावरच. असा माणूस देता येत नसेल तर रुग्णाला योजनेतल्या रुग्णालयात पाठवा आणि गाडीभाड्याची तजवीज करा.

आणि करार संपल्यावर यंत्रं कुणाची, नवी संस्था येईपर्यंत रुग्ण कुठे जाणार, ही दोन कलमं आधीच घाला. डायलिसिसला आठवडाभराचाही खंड चालत नाही.